चुंबकाच्या चाचणीवर भरवसा नको

जुन्या बोटीबद्दल एक सल्ला देतात की ग्रॅब रेलचे, म्हणजे डेकवर (बोटीच्या वरच्या पृष्ठभागावर) धरायला बसवलेल्या दांड्याचे, बोल्ट चुंबकाला चिकटत नाहीत म्हणजे ते ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच, काढून बघू नका. हे पटत नाही. ३०४ ही स्टेनलेसची दुसरी प्रतसुद्धा सहसा चिकटत नाही. फरक आहे मॉलिब्डेनम या धातूचा. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं आणि खाऱ्या हवेत टिकाव त्यामुळेच लागतो. मॉलिब्डेनम तपासायचं किट मिळतं, ते वापरा.

आमचं वाळूजला फॅब्रिकेशनचं काम आहे. मुंबईच्या एका जुन्या शिडाच्या बोटीचे रेल पॉलिशला आले होते, बोल्टांसकट. डोकी लखलखीत, नटही ठीक, पण डेकच्या जाडीत बसणारा मधला भाग तपकिरी आणि उंदराने कुरतडल्यासारखा! स्टेनलेसला वरचा संरक्षक थर टिकवायला ऑक्सिजन लागतो. जुन्या सीलंटखाली (फट बुजवायच्या लुकणाखाली) ओल साचते, हवा पोचत नाही, तिथेच ते सडतं. वरून काहीच कळत नाही. आणि भर लाटांत माणूस त्याच दांड्याला लटकतो हो! म्हणून निदान एक बोल्ट पूर्ण बाहेर काढून बघाच. भोकातून ओला, काळपट भुसा निघाला तर डेकमधलं लाकूड कुजलंय. मग कुजकं खरवडून, पूर्ण वाळवून, घट्ट कालवलेलं इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) भरा आणि त्यातच नवं भोक पाडा.