विषय: शेंगेन: चार रात्री इकडे, चार रात्री तिकडे

वैशाली:
नमस्कार मंडळी, परत शेंगेन व्हिसाच, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो. शिरीषकाकांनी लिस्टसाठी केलेली व्हिसाची फाइल वाचली, त्यात हे सापडलं नाही. आमच्या चार रात्री स्वित्झर्लंडला आणि चार पॅरिसला. जाताना फ्रँकफुर्टला विमान बदलून झ्युरिक, येताना पॅरिसहून थेट. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? फ्रान्सच्या अपॉइंटमेंटच दिसत नाहीत, पहाटे उठून रिफ्रेश करतेय. स्विसच्या पुढच्याच आठवड्यात आहेत. निघायला पाच आठवडे उरलेत.

मंदार:
सरळ आहे. मुक्काम सारखा असेल तर जिथे आधी उतरता तो देश. झ्युरिक. स्विसची घेऊन टाक.

अनघा:
आधी उतरतात ते फ्रँकफुर्टला. पासपोर्ट तिथेच बघणार, पुढचं विमान शेंगेनच्या आतल्या आत. नियमात ‘ज्या देशाची बाहेरची सीमा आधी ओलांडाल तो’ असं आहे. म्हणजे जर्मनी!

मंदार:
दोन तास विमानतळावर बसायला जर्मनीचा व्हिसा? हसतील ते.

अनघा:
हसू देत. आणि रात्री नाही, दिवस मोजतात. स्वित्झर्लंडहून पॅरिसला जायचा दिवस कोणाच्या खात्यात धरायचा ते तू सांग.

शिरीषकाका:
फाइलीत हे आहे. पान तीन. शेवटपर्यंत कुणी वाचत नाही, मग लिस्टवर वीस मेल. आणखी एक, फाइलीत परस्पर बदल करू नयेत. मागे कुणीतरी मला न विचारता व्हिसाची फी ८० ची ९० युरो केली.

मंदार:
काका, ९०च आहे. जून २०२४ पासून. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५.

शिरीषकाका:
९० आहे हे मलाही ठाऊक आहे. प्रश्न विचारण्याचा आहे.

समीर:
एवढं कशाला? झ्युरिकचं हॉटेल एक रात्र जास्त बुक करा, फ्री कॅन्सलेशनवालं. व्हिसा हातात आला की रद्द.

अनघा:
वैशाली, हे अजिबात करू नकोस. मागे माझ्याकडे सीमेवरच्या अधिकाऱ्याने बुकिंग मागितलं होतं. मी ऐटीत फोन पुढे केला, तर मेलबॉक्समध्ये सगळ्यात वर ‘आपलं आरक्षण रद्द झालं आहे’. मी खरंच फक्त हॉटेल बदललं होतं हे त्याला पटवताना घशाला कोरड पडली. वीस मिनिटं उभं केलं, मागे अख्खी रांग. सीमेवरही व्हिसा रद्द करता येतो त्यांना.

कविता:
रांगेवरून आठवलं. भारतात राहणाऱ्या माझ्या बहिणीला दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे कितीही वेळा जाता येणारा व्हिसा मिळाला, तिसऱ्याच वेळी. माझा हा सहावा, आणि दरवेळी मोजून तेवढ्याच दिवसांचा. असं का?

मंदार:
ती एप्रिल २०२४ ची सवलत भारतात राहून तिथूनच अर्ज करणाऱ्यांना. आपण भारताबाहेर राहतो, आपल्याला लागू नाही. पासपोर्ट तोच असला तरी.

कविता:
म्हणजे बाहेर आलो हीच चूक. वैशाली, तुमचं रेसिडेन्स परमिट कधीपर्यंत आहे? आमच्याकडे परतीनंतर तीन महिने शिल्लक मागितले होते.

वैशाली:
परमिट दोन वर्षं आहे. समीर, खोटं बुकिंग नको रे, ह्यांना घाम फुटतो. आणि स्वित्झर्लंडला एक रात्र खरंच वाढवू म्हटलं तर पॅरिसची कमी होते, ती करता येणार नाही. ताईच्या मुलीचं लग्न आहे ना. हळदीपासून तिच्याकडेच राहणार आहोत, तिथलं हॉटेल नाहीच.

अनघा:
वैशाली!! हे पहिल्या मेलमध्ये लिहायचं होतंस. नियम ‘मुक्काम किंवा हेतू’ असा आहे. मुक्काम सारखा, पण जाताय लग्नाला, म्हणजे फ्रान्स. फ्रँकफुर्ट विसर. पत्रिका जोड, भाषांतरासकट. आणि हॉटेल नाही म्हणजे ताईला आजच्या आज तिथल्या नगरपालिकेत पाठव. ‘अतेस्तासियों दाक्युई’ नावाचा कागद असतो, यजमानाच्या नावाने तिथूनच मिळतो. ताईने साध्या कागदावर प्रेमाने लिहिलेलं पत्र चालत नाही, आमचं परत आलं होतं.

मंदार:
सगळं ठीक, पण मूळ प्रश्न अपॉइंटमेंटचा होता.

अनघा:
प्रवासाच्या १५ दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात. म्हणजे अजून तीन आठवडे आहेत. लोक रद्द करतात तसे स्लॉट सुटतात, बघत राहायचं.

वैशाली:
मिळाली! गुरुवार, ९:४०. पण एकाच माणसाची. ह्यांची नाही. ताई नगरपालिकेत गेलीये, तिथेही अपॉइंटमेंट लागते म्हणे.

समीर:
शिरीषकाका, आत्ता फाइल उघडली. पान तीनवर इन्शुरन्स आहे, ३०,००० युरोच्या कव्हरचा. देश कुठला निवडायचा ते कुठेच नाही.

शिरीषकाका:
माझ्याकडच्या प्रतीत आहे. तुमच्याकडे कुणीतरी बदललेली आली असेल.