अनुभव धागा: जुन्या विटा आणि चिऱ्यांचे उंच वाफे

घर उतरवलं की विटा, चिरे (जांभा दगडाचे ठोकळे), फुटकी कौलं उरतात. त्यांतून परसात भाजीचे वाफे बांधलेल्यांनी इथे लिहावं. आपल्याकडे कोकणात कातळावर माती वीतभर आणि पाऊस चार महिने, त्यामुळे देशावरची मापं जशीच्या तशी चालत नाहीत. माप, विटांची संख्या, काय ढासळलं आणि का, एवढं नक्की द्या.

दापोली
वाफा आतून ८ फूट बाय ३ फूट. चार फूट रुंदीतही मधल्या तणापर्यंत हात जातो, पण कंबर धरते. ९ इंची वीट आणि अर्धा इंच दर्ज (दोन विटांमधला सांधा) धरली तर एका थराला ३० विटा लागतात. जमिनीवर पाच थर म्हणजे १५० विटा, उंची जवळजवळ दीड फूट. त्याखाली सहा इंच खोल चर खणून मुरूम ठोकायचा आणि त्यात एक थर आडव्या विटांचा, त्याला साठेक लागतात. फुटीच्या वीस वेगळ्या धरा.

वीट निवडताना दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत वाजली तर ठेवा, बद्द वाजली तर बाजूला. शंका असेल ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी कडा बोटाने सुटत असतील तर ती कच्ची, पहिल्या पावसात तिचा चिखल होणार. चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या भिंतीच्या विटा घ्या, छन्नीच्या दोन ठोक्यांत साफ होतात. सिमेंट निघताना विटेचा पापुद्रा घेऊन निघतं. खरवडलेला चुना वाफ्यात टाकू नका. त्याचे खडे जिथे राहतात तिथली रोपं पिवळी पडतात.

गुहागर
समुद्राजवळच्या घराच्या विटांना लोणा असतो. उन्हात ठेवल्यावर पांढरी भुकटी वर आली की समजावं. घासून उपयोग नाही, मीठ आत असतं. ओलावा सुकला की ते पुन्हा वर येतं आणि विटेचे पोपडे सुटतात. टाकीत चोवीस तास बुडवा, पाणी फेका, वाळवा, असं तीन-चारदा. त्याहून सोपं म्हणजे एक पावसाळा उघड्यावर मोकळ्या रचून ठेवा. मिश्रणात किनाऱ्याची वाळू घालू नका.

राजापूर
विटा कशाला, चिरे असतील तर चिरेच लावा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर कडक होतो, म्हणून जुना चिरा नव्यापेक्षा भरवशाचा. एक चिरा पंचवीस-तीस किलोचा, दोघांनी उचलावा. दोन थर कोरडेच रचा, सांधे एकावर एक येऊ देऊ नका, आणि फुटाला इंचभर आत कलते ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पडून राहिलेल्या चिऱ्यांच्या ढिगात हात घालू नका. फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, अशाच जागी बसतं. आधी पहारीने चिरा उलटा करा, मग उचला. रचून झाल्यावर मोठ्या फटी चिऱ्याच्या कपच्यांनी ठोकून बंद करा.

मालवण
सिमेंटमध्ये बांधणाऱ्यांसाठी. एकास सहा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुरतो. पण सगळ्या दरजा भरून टाकल्या तर जुलैत आतली माती पाण्याने जड होते आणि लांब बाजू मधोमध फुगते. तिथून उभी चीर जाते. भिंत पाडतं ते पाणी. म्हणून जमिनीलगतच्या थरात दर तिसऱ्या विटेला उभी दर्ज मोकळी सोडा आणि आतून कौलांचे तुकडे लावा, म्हणजे माती वाहून जात नाही. लांबी आठ फुटांच्या वर गेली तर मध्ये एक आडवी भिंत घालाच.

वेंगुर्ले
दापोलीच्या मापाच्या वाफ्यात ३६ घनफूट भर बसते, पण ती दबते, म्हणून ४२ धरा. शिगोशीग घमेलं साधारण १४ लिटरचं, म्हणजे अर्धा घनफूट. चौऱ्याऐंशी घमेली लागतील. तळाला तीन इंच कौलांचे तुकडे. त्यावर सोडणांचा (नारळाच्या सालांचा) एक थर, आठवडाभर पाण्यात भिजवलेल्या. सोडणाची खोलगट बाजू वर ठेवली तर ती वाटीसारखी पाणी धरते, मार्च-एप्रिलमध्ये त्याचा फार उपयोग होतो. पावसाळी भाजीच घ्यायची असेल तर मात्र खोलगट बाजू खाली. वर दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग पालापाचोळ्याचं खत. ताजं शेण घातलं तर ते आत तापतं आणि मुळं जळतात.

पहिल्या पावसात माती तीन-चार इंच खाली बसते. ऑक्टोबरमध्ये खताने भरून घ्या आणि मगच लाल माठ, मुळा पेरा.

अलिबाग
तेलरंग लागलेल्या विटा भाजीच्या वाफ्याला नको. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. असा रंग कोरडा घासूही नका, धूळ नाकात जाते. त्या विटा शोभेच्या झाडांकडे वळवा.