मुलांच्या नाटकाचं पाठांतर घरी करून घ्यावं का?

प्रधानाची_आई:
गॅदरिंगचा सीझन आलाय, लेकीला प्रधानाचं काम मिळालंय, तिसरीत आहे. बाईंनी व्हॉट्सअॅपवर फक्त तिच्या वाक्यांचा फोटो पाठवला, खाली 'सोमवारपर्यंत पाठ हवं'. बाकी नाटक काय आहे देव जाणे. सासूबाई म्हणतात परवच्यासारखं रोज दिवेलागणीला म्हणून घे, बाकी आपोआप येतं. आणि पोरगी 'महाराज, विहिरीत पाणी नाही, नुसता गाळ आहे' हे वाक्य बे एके बेच्या चालीत म्हणते, राजा चिडलाय की घाबरलाय हे तिला माहीतच नाही. माझं तर मत झालंय की घरी पाठांतर घेऊच नये, जे काय व्हायचं ते तालमीत होऊ दे. तुम्हाला काय वाटतं?

नाना_मिरजकर:
तालमीत होऊ दे म्हणणं सोपं आहे हो. तालमीला मिळतो एक तास, तोही पीटीचा काढून घेतलेला, वर्गभर पोरं आणि बाई एकट्या. पाठांतराला नावं ठेवायची फॅशनच आलीय हल्ली. आम्ही रामरक्षा, पाढे सगळं अर्थ न कळता पाठ केलं, अर्थ मागून कळला, काही बिघडलं नाही. वाक्य तोंडात बसलेलं असलं की पोर स्टेजवर मोकळं असतं, पुढचं वाक्य आठवण्यातच डोकं गुंतलं तर अभिनय कधी करणार? सासूबाईंचं बरोबर आहे.

विंगेतली_वही:
नाना, वाक्य पक्कं हवं यावर वादच नाही. पण नुसतं स्वतःचं वाक्य पक्कं करून उपयोग काय? मी बालनाट्य स्पर्धांना विंगेत वही घेऊन उभी असते, पोरं अडकतात ती बहुतेक वेळा स्वतःचं वाक्य विसरून नाही, समोरच्याने वाक्य खाल्लं म्हणून. राजाने आधी 'विहिरीत काय दिसलं?' विचारायचं, ते विसरून तो एकदम 'याला शिक्षा करा' म्हणतो आणि प्रधान गप्पगार. मग विंगेतून तिघं एकदम प्रॉम्प्टिंग करतात, त्यातलं एकही धड ऐकू येत नाही, आणि पहिल्या रांगेत आई ओठ हलवत बसलेली.
प्रधानाची_आई, बाईंकडून पूर्ण संहिता मागा, निदान तिच्या प्रत्येक वाक्याच्या आधीचं वाक्य तरी. ते तुम्ही म्हणा, आणि थोडं बसलं की मुद्दाम चुकवा. बघा ती काय करते.

नाना_मिरजकर:
मुद्दाम चुकवा? तिसरीतल्या पोरीला? रडेल ती!

विंगेतली_वही:
हसतात हो. मोठ्यांना चूक पकडून द्यायला पोरांना भयंकर आवडतं.

एडिसनकर:
मी नानांच्या बाजूने. आमच्याकडे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक असतं, स्क्रिप्ट रोमन लिपीत लिहून द्यावी लागते, त्यात 'ल' आणि 'ळ' एकच, म्हणजे कागदावरून वाचलं तर सगळंच गंडतं. अर्थ समजावला तर पोरांना अर्थ बरोब्बर कळतो पण वाक्य सुचतं इंग्लिशमध्ये. तुमच्याकडचं पोर अडलं तर स्वतःच्या शब्दांत ढकलून नेईल, आमचं कसं नेणार? मग आम्ही सरळ फोनवर संवाद रेकॉर्ड करतो आणि गाडीत ऐकवतो. घोकंपट्टी तर घोकंपट्टी.

विंगेतली_वही:
तुमची अडचण खरी आहे, उच्चारासाठी ऐकवायलाच लागेल. पण आईच्या आवाजात तेच तेच ऐकलं की पोर आईचा सूरसुद्धा पाठ करतं, मग दिग्दर्शकाने कितीही सांगितलं तरी तो सूर सुटत नाही. उच्चार बसला की दुसरं रेकॉर्डिंग करा, त्यात फक्त इतरांची वाक्यं, आणि आपल्या पोराच्या वाक्याएवढी जागा मोकळी.

पडदा_वर:
यावर अभ्यास झालेला आहे बरं का. हेल्गा आणि टोनी नॉइस म्हणून अमेरिकन जोडपं आहे, ती मानसशास्त्रज्ञ, तो नट-दिग्दर्शक. त्यांना असं दिसलं की मुरलेले नट सहसा शब्द घोकत बसत नाहीत, हे पात्र हे आत्ता का बोलतंय ते शोधत जातात आणि वाक्यं त्यातून बसतात. शिवाय हालचालीबरोबर म्हटलेलं वाक्य जास्त लक्षात राहतं. तेव्हा पोरीला पलंगावर बसवून म्हणून घेऊ नका. बादलीत डोकावायला लावा, तीच विहीर.

नाना_मिरजकर:
मुरलेले नट म्हणालात ना? त्यांचा जन्म गेलाय त्यात. इथे पोरीला जोडाक्षर वाचताना घाम फुटतो, ती पात्राचा हेतू कुठे शोधणार! त्यापेक्षा ग्रिप्ससारखं करा, बर्लिनचा तो बालनाट्याचा प्रकार मोहन आगाशेंनी पुण्यात आणला, त्यात लहान मुलांची कामं मोठे नटच करतात. प्रश्नच मिटला, हाहा.

प्रधानाची_आई:
नाना :) बादलीचा प्रकार करून बघते. पण संहिता मागितली तर बाई म्हणाल्या एकाला दिली की सगळे पालक मागतील.

विंगेतली_वही:
मागू देत की, सगळ्यांनाच द्यायला हवी खरं तर. तोवर राजाच्या आईला फोन करा, तिच्याकडे राजाच्या वाक्यांचा फोटो असेलच. दोन फोटो जोडले की निम्मा प्रवेश तयार, आणि पोरांना एकत्र बसवता आलं तर फारच छान. एवढं मात्र करा, प्रयोगाच्या दिवशी सकाळी पुन्हा म्हणून घेऊ नका, आणि पहिल्या रांगेत बसू नका.

नाना_मिरजकर:
पहिल्या रांगेचं मान्य. सकाळी एकदा तरी म्हणून घ्याच.