खारघरच्या डोंगरातले अंड्यासारखे दगड आणि त्याखालचा लाल थर

प्रश्न – पांडवकडा_वारी

खारघरहून चाफेवाडी-फणसवाडीकडे चढताना रस्त्यासाठी कापलेल्या उभ्या कड्यात १५ ते ४० सेंमी व्यासाचे गोल दगड दिसतात. वर पिवळट तपकिरी पापुद्रे, आत काळा टणक गाभा. त्यांच्या खाली साधारण अर्धा मीटर विटकरी लाल थर आहे. त्याची वरची कड सरळ आहे, खालची कुठे संपते ते नीट कळत नाही. धार जिल्ह्यातल्या डायनासोरच्या अंड्यांचे फोटो पाहिल्यापासून शंका येते. ही अंडी असू शकतात का? लाल थर म्हणजे राख की माती? आणि ठाणे-नवी मुंबईत जीवाश्म शोधायचेच तर कुठल्या थरात बघावे?

उत्तर १ – काळाकातळ

अंडी नाहीत, हे तुमच्या वर्णनावरूनच सांगता येते. टणक काळा गाभा म्हणजे न कुजलेला बेसाल्ट (लाव्हा थिजून बनलेला काळा कातळ). लाव्हा थंड होताना आडवे-उभे तडे जातात आणि ठोकळे बनतात. तड्यांतून पाणी शिरते. ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर ते तीन बाजूंनी काम करते, सपाट बाजूवर एकाच, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा गोल होतो. कुजताना खनिजे फुगतात, त्यामुळे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. खात्री करायची असेल तर दोन शेजारच्या गोळ्यांमधली जागा बघा. मूळ तड्यांची चौकोनी जाळी तिथे मुरमात अजून दिसेल.

धारची अंडी (२०२३ साली प्रसिद्ध झालेला शोध, ९२ घरटी, २५६ अंडी) लमेटा थरांतली, म्हणजे लाव्हाखालच्या चुनखडीयुक्त गाळातली. त्यांचा व्यास १५ ते १७ सेंमी भरतो. कवच काही मिलिमीटर जाडीचे, कॅल्साइटचे (चुन्याच्या खनिजाचे), आत गाळ भरलेला. एकाच कवचाच्या आत पुन्हा पापुद्रे आणि मधे काळा कातळ, असे अंड्यात कधीच नसते. आकारांतला फरकही बोलका आहे. एका घरट्यातली अंडी जवळपास सारखी असतात. तुमच्याकडे १५ पासून ४० सेंमीपर्यंत सगळे आहे.

दुसरे कारण अधिक पक्के. लमेटा थर इथे उघडे पडत नाहीत. कोयनेच्या खोल बोअरमध्ये सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस (लाव्हाखालचा जुना पायाचा खडक) लागला, मधे गाळाचा थर नाहीच. महाराष्ट्रात डायनासोर हवे असतील तर नागपूर-चंद्रपूरकडे, पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी.

उत्तर २ – गेरूथर

लाल थराला रेड बोल म्हणतात. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खालच्या लाव्हाचा माथा कुजून माती झाली, काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही मिसळली. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि तो थर भाजला. म्हणून वरची कड धारदार आणि खालची हळूहळू कातळात विरणारी. तुम्ही नेमके तेच लिहिले आहे. रंग हेमॅटाइटचा (लोहाच्या लाल खनिजाचा).

राख आहे की कुजलेला बेसाल्ट, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. पण अशाच काही थरांतून झिरकॉन या टणक खनिजाचे कण काढून युरेनियम-शिसे पद्धतीने (कणातल्या युरेनियमचे किती शिसे झाले ते मोजून) दख्खनच्या लाव्हाची वये मोजली गेली, कारण बेसाल्टमध्ये स्वतःचे झिरकॉन जवळपास नसतातच. त्यामुळे हा थर जीवाश्मांसाठी फारसा उपयोगाचा नसला तरी काळ मोजायला फार मोलाचा आहे. कृपया कोणी तो खरवडू नका. फोटो काढताना मोजपट्टी ठेवा, थराची जाडी तीन-चार ठिकाणी मोजा आणि जीपीएस नोंदवा. थराचा कल मोजायचा असेल तर होकायंत्र कातळाला टेकवू नका. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे सुई सरकते. मीटरभर मागे उभे राहून दिशा घ्या.

पांडवकडा_वारी

धन्यवाद. एक राहिले. कड्याखाली पडलेल्या एका तुकड्यावर आम्लाचा थेंब टाकला तर पांढऱ्या भागावर फसफस झाली. ते कवच नाही का?

काळाकातळ

नाही. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर कॅल्साइट भरतो, तोही फसफसतो. शेजारीच न फसफसणारे पांढरे तंतू किंवा पंखे असतील तर ते झिओलाइट, म्हणजे अशाच पोकळ्यांत वाढणारी दुसरी खनिजे: स्कोलेसाइट, स्टिल्बाइट वगैरे. आम्ल १० टक्क्यांहून तीव्र नको, आणि हाडासारखे काही वाटले तर त्यावर एक थेंबही नको. हायड्रोक्लोरिकमध्ये हाड विरघळते.

उत्तर ३ – चाळणी६०

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. लाल थर सोडा. करडा, हिरवट किंवा काळपट, पातळ पानांसारखा सुटणारा गाळ शोधा, म्हणजे दोन लाव्हांमधल्या तळ्याचा तळ. वरळीचा प्रसिद्ध बेडूक, इंडोबॅट्राकस, अशाच थरातला. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. मुंबईच्या लाव्हाची आर्गॉन पद्धतीची (खडकात साठलेला आर्गॉन वायू मोजून काढलेली) वये ६.२५ कोटी वर्षांच्या आसपास येतात, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरची. तेव्हा इथे अपेक्षा बेडूक, कासव, शिंपले, बिया यांची ठेवा.

परवानगी असलेल्या जागेवरून दोन किलो गाळ घ्या. कागदावर पेन्सिलीने ठिकाण आणि थर लिहून, चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत घालून आत ठेवा. बाहेर मार्करने लिहिलेले पुसते. गाळ उन्हात पूर्ण वाळवा. इथेच बहुतेकांचे बिनसते: ओलसर ढेकूळ पाण्यात फुटत नाही, कोरडे मात्र तासाभरात सुटते. नाहीच सुटले तर पुन्हा वाळवा, ठोकू नका. वर १ मिमी आणि खाली ६० मेशची, म्हणजे पाव मिलिमीटरची चाळणी ठेवून बादलीतल्या पाण्यात हलकेच हलवा. नळाची धार मारली की बेडकाची काडीसारखी हाडे मोडतात.

उरलेला कोंडा सावलीत वाळवून १० ते २० पट भिंगाखाली, ओल्या ०००० नंबरच्या ब्रशने वेचा. दुसरा नमुना धुण्याआधी चाळणी मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवा. मागचा अडकलेला कण निळा होतो आणि नव्या नमुन्यात चुकून मोजला जात नाही.

गेरूथर

जाण्याची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच कड्याखाली उभे राहू नका, हेच गोल दगड पापुद्रे सैल झाले की आधी सुटतात. जमीन वनखात्याची असेल तर खाली पडलेला तुकडाही उचलायचा नाही. मोजमाप असलेला फोटो इथे टाकला तरी आम्हाला पुष्कळ सांगता येईल.