९२ व्या मिनिटाचा गोल जेकोचा होता

कुणीतरी लिहिलंय की १३ मे २०१२ ला मँचेस्टर सिटी या फुटबॉल क्लबला इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकून दिली ती एकट्या स्ट्रायकर अग्वेरोने. हे मला मनापासून पटत नाही. क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध सिटी १-२ ने मागे होती. ९२ व्या मिनिटाला कॉर्नरवर सिटीच्याच एडिन जेकोने हेडरने बरोबरी साधली, म्हणून तर त्यानंतरच्या अग्वेरोच्या विजयी गोलला अर्थ आला!

शिवाय तोवर जेको काही नवखा नव्हता. त्याचं बालपण युद्धात वेढल्या गेलेल्या साराएवोत, म्हणजे बॉस्नियाच्या राजधानीत, तोफगोळ्यांच्या आवाजात गेलं. तिथल्याच झेल्येझ्निचार क्लबकडे तो मिडफिल्डला खेळायचा आणि लोकांना धिप्पाड, संथ वाटायचा. स्ट्रायकर म्हणून घडला तो चेक लीगमध्ये, टेप्लिसे क्लबला. मग जर्मनीतला वोल्फ्सबुर्ग क्लब. २००८-०९ ला त्याचा जोडीदार ग्राफिते २८, जेको २६, दोघांचे मिळून ५४ गोल! गेर्ड म्युलर आणि उली होनेसच्या जोडीचा ५३ चा विक्रम मोडला आणि वोल्फ्सबुर्ग पहिल्यांदाच बुंडेसलीगा, म्हणजे जर्मन लीग, जिंकलं. पुढे रोमाकडून २०१६-१७ ला सेरी आ या इटलीच्या लीगमध्ये २९ गोल, तेही तिशी उलटल्यावर.

२०१४ च्या वर्ल्डकपमध्ये बॉस्नियाकडून खेळताना नायजेरियाविरुद्धचा त्याचा गोल ऑफसाइड ठरवला गेला. रिप्लेत तो स्पष्ट ऑनसाइड दिसतो. बॉस्नियाचा तो पहिलाच वर्ल्डकप होता. अजून हळहळ वाटते.