तातडीची मदत: हेडसेटमध्ये चित्र लहरतंय, ठेवायचा की परत द्यायचा?

सिडकोकर
दादा सोमवारी पहाटे निघतोय, त्याच्या आत ठरवायचंय, म्हणून थेट विचारतो. त्याने एआर हेडसेट आणलाय, खऱ्या खोलीत खोटी चित्रं ठेवून दाखवणारा. घातला की हॉलमध्ये सगळं लहरतं, काळसर पट्टे वरून खाली सरकत राहतात आणि टीव्हीच्या टेबलावर ठेवलेला खोटा डायनासोर हळूहळू दिवाणाकडे घसरतो. बायकोला दहा मिनिटांत मळमळलं. पुतण्या काढायला तयार नाही. आई म्हणते, देवघर यातून मातकट दिसतं, नुसत्या डोळ्यांनी काय वाईट दिसत होतं? बाबा प्रेसमधून रिटायर झालेले, छपाईतली रेघ केसभर हलली तरी त्यांना दिसायची. त्यांनी एकदाच लावला आणि म्हणाले, "डोक्याला कुकर बांधलाय."
कुठलं सेटिंग बदलू? रीस्टार्ट सांगू नका, तीनदा झालंय.

मुंबईनाका
कंपनी? मॉडेल? काहीच लिहिलं नाहीत.

सिडकोकर
कंपनी मुद्दाम लिहीत नाही. मागे फोनच्या धाग्यावर नावावरून जुंपली आणि मूळ प्रश्न गोदेला वाहून गेला. पुढे कॅमेरे आहेत, त्यांचं चित्र आतल्या पडद्यांवर दिसतं, त्यातला प्रकार आहे.

काटेकोर
मग तो एआर नव्हेच. खरा एआर म्हणजे पारदर्शक काच. आरपार खरी खोली दिसते आणि तिच्यावर चित्र उमटतं, होलोलेन्ससारखं. तुमच्याकडे आहे तो व्हीआर, म्हणजे डोळे झाकून सगळं पडद्यावर दाखवणारा, फक्त त्याला खिडकी पाडली आहे.

गॅजेटवेडा
होलोलेन्सचं पुढे काय झालं तेही सांगा की! मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये उत्पादन बंद केलं. काचेवरचं चित्र उजेडात फिकं पडतं आणि समोरच्या छोट्याशा चौकटीतच दिसतं. म्हणून तर बाकीचे कॅमेऱ्यांकडे वळले. पैसे असतील तर ॲपलचा व्हिजन प्रो घ्या, विषय संपला.

काटेकोर
3,499 डॉलर, पहिल्या मॉडेलचं वजन 600 ग्रॅमच्या वर, बॅटरी वायरला लटकवून खिशात ठेवायची आणि ती चालणार जेमतेम दोन-अडीच तास. यांच्या बाबांना कुकरच्या जागी पिंप बांधताय तुम्ही.

पंचवटी_आजी
मळमळीला आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळायला द्या सूनबाईंना. वणीच्या घाटात आमच्या गाडीत सगळ्यांना हाच उपाय. आणि रिकाम्या पोटी घालू देऊ नका ते.

चष्मेबहाद्दर
मळमळ पट्ट्यांमुळे नाही, डोळ्यांमधल्या अंतरामुळे. दोन बाहुल्यांमधलं अंतर माणसागणिक वेगळं असतं, भिंगं त्याप्रमाणे सरकवावी लागतात. पुतण्याच्या मापावर ठेवून वहिनींना दिलात ना? चष्म्याच्या दुकानात पीडी, म्हणजे हेच अंतर, विचारा, मिनिटात मोजून देतात. आणि मुलाचं वय काय? लहान मुलांना ही यंत्रं देऊच नयेत असं कंपन्याच लिहितात.

सिडकोकर
पुतण्या पंधराचा आहे. अंतराचं चाक सापडलं, बायकोचं लावून बघितलं, जरा बरं वाटतंय म्हणते. पण पट्टे तसेच. आता तर वाढलेत.

सातपूरचा_मिस्त्री
"आता" म्हणजे रात्री साडेआठला. दुपारी होते का पट्टे? हॉलमध्ये दिवा कुठला? आणि दादा कुठून आलाय?

द्राक्षवाला
भाऊ, कस्टम किती लागलं?

सिडकोकर
दुपारी बघितलंच नाही, सगळे जेवून आडवे होतात. दिवा म्हणजे जुनी चोकवाली ट्यूब, बाबा काढू देत नाहीत. दादा न्यू जर्सीला असतो, त्याच्याकडे महिनाभर मस्त चालला. याचा काय संबंध?

सातपूरचा_मिस्त्री
सगळा संबंध तोच आहे. मी एमआयडीसीत माल तपासणाऱ्या कॅमेऱ्यांवर काम करतो. नवा कॅमेरा ट्यूबखाली लावला की पहिला ताप हाच. आपली वीज 50 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 50 फेरे, आणि चोकवाली ट्यूब दर फेऱ्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झ, दिवा 120 वेळा. हेडसेट तिकडच्या वेळेवर बसलेला असेल तर इथे ताळ जमत नाही आणि पट्टे सरकतात. खोली ओळखणारे कॅमेरेही त्यात फसले तर डायनासोर घसरणारच. सेटिंगमध्ये ट्रॅकिंग किंवा कॅमेऱ्याखाली 50/60 असं काही आहे का बघा, 50 करा. तोवर ट्यूब बंद करून दिवसाउजेडी खिडकी उघडून बघा. समोर मोठा आरसा असेल तर चादर टाका, त्यातली खोली खरी समजतो तो.

मुंबईनाका
हे सगळं चालतंय, पण दर तीन-चार वर्षांनी हीच क्रांती येते. 2013 ला गूगल ग्लास आला, कॅमेरावाला चष्मा, 1,500 डॉलरचा. समोरच्याला कळेना आपलं चित्रीकरण चाललंय की काय, लोक भडकले. हे घालून तुम्ही कॉलेज रोडला कॉफी प्यायला जाणार आहात का?

द्राक्षवाला
त्यापेक्षा नाशिकच्या 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावरचं स्नान घरबसल्या दाखवा म्हणावं. तेव्हा आमच्या गावाकडून द्वारका चौक ओलांडायलाच अर्धा दिवस जाईल.

पंचवटी_आजी
घरबसल्या स्नान? डोकं ओलं कसं व्हायचं बाळा?

सिडकोकर
मिस्त्री, नमस्कार घ्या! तीन पाने आत 60 होतं, ते 50 केलं. ट्यूब चालू ठेवून पट्टे गेले. कपाटाच्या आरशावर आईची शाल टाकली, डायनासोर अर्धा तास टेबलावरच. बायको वीस मिनिटं टिकली, मग मान दुखली म्हणून काढला. आईला देवघर अजून मातकटच दिसतं.
बाबांनी परत लावला. ट्यूबकडे बघत बसले आणि म्हणाले, "मशीन बिघडलं नव्हतं, वीज वेगळी होती, आधीच विचारायचं होतं." ट्यूब बदलण्याचा विषय आता कायमचा बंद. दादा हेडसेट ठेवून चाललाय.

काटेकोर
पण तो एआर नव्हे.

द्राक्षवाला
कस्टमचं राहिलं, भाऊ.