एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थविरोधी कायद्यात) दंड झालेल्या मुलाला एमबीबीएसचा प्रवेश मिळेल का?

सांजवात: भाचा १९ वर्षांचा असताना त्याच्याकडे ४० ग्रॅम गांजा सापडला. कोर्टात गुन्हा कबूल केला, ५,००० रुपये दंड भरला. नंतर चार महिने व्यसनमुक्ती केंद्रात होता. आता दोन वर्षं निर्व्यसनी आहे, नीटचा अभ्यास जोरात चाललाय. घरचे म्हणतात, दंड भरला, विषय संपला, कुठे काही लिहू नकोस. बरोबर आहे का? आणि गॅपचं काय दाखवायचं?

कोर्टपायरी: ताई, घरच्यांचा हा समजच पोराला गोत्यात आणेल. कबुलीवर झालेला दंड ही शिक्षाच असते. ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ असं कुठे विचारलं, तर उत्तर ‘होय’. ‘खटला प्रलंबित आहे का?’ याचं उत्तर ‘नाही’. दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी असतात आणि मुलं घाईत दोन्हीकडे ‘नाही’ लिहून मोकळी होतात. जे विचारलेलंच नाही, ते मात्र आपणहून लिहीत बसू नका.

आत्ताच खटला क्रमांक आणि निकालाची तारीख घेऊन कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. निकालाची प्रमाणित प्रत काढा, दंडाची पावती तिच्यासोबत ठेवा. गांजाचं १ किलोपर्यंतचं प्रमाण कायद्यात ‘अल्प’ धरतात. निकालात कलम २० (गांजा बाळगणं, विकणं वगैरे) की २७ (सेवन), आणि प्रमाण किती, हे नीट वाचून घ्या. नुसतं ‘एनडीपीएस’ दिसलं की समोरचा माणूस थेट विक्रीच समजतो.

दुसरी_फेरी: गॅपची काळजी नको. नीटला किमान वय १७ आहे, कमाल मर्यादा नाही. कॉलेजं गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात; त्यात ‘वैद्यकीय उपचारांमुळे शिक्षणात खंड पडला’ एवढं पुरतं आणि ते खरंही आहे. ‘घरी अभ्यास करत होतो’ असं उपचारांच्या महिन्यांबद्दल लिहिलं, तर खोट्या प्रतिज्ञापत्राचा नवा गुन्हा होतो. निदान काय होतं, हे केंद्राने परस्पर कुणाला सांगायचं नसतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाशी निगडित विकारांनाही लागू आहे आणि कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं.

राज्याच्या प्रवेश फेरीत तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जाताना केंद्राचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. त्यांच्यापासून काही लपवू नका.

कोर्टपायरी: इतर पालक वाचत असतील म्हणून सांगतो. मूल १८ च्या आतलं असेल, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४(२) प्रमाणे निकाली प्रकरणाची नोंद पोलिसांना चारित्र्य दाखल्यासाठीही उघड करता येत नाही. खटला अजून उभा असेल आणि माल अल्प असेल, तर एनडीपीएसचं कलम ६४अ बघा: व्यसनी व्यक्तीने स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. पण केंद्र सरकारी किंवा सरकारमान्य हवं. उपचार अर्धवट सोडले की हे संरक्षण काढून घेता येतं. त्यामुळे भरती करण्याआधी मान्यतेचा कागद मागा. भाच्याच्या बाबतीत ही वेळ गेली.

सांजवात: आणि पुढे सरकारी नोकरी?

कोर्टपायरी: तिथे साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी पार्श्वभूमी तपासायला भरून घेतात तो फॉर्म) सरळ विचारतात. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की माहिती खरी हवी. तरुण वयातली किरकोळ शिक्षा लपवली गेली असली, तरी ती चूक पोटात घालायची मुभा नेमणूक करणाऱ्याला आहे. पण खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, असं मात्र नाही. त्या दिवसासाठी प्रमाणित प्रतीचे दोन संच आजच करून ठेवा.